मांडीवरची जागा

"सापडली!"

कानांवर हेडफोन असल्यामुळे आपण केवढ्यानं ओरडलो हे चैत्रालीला कळलंच नाही. अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या विद्यापीठाच्या, जुने दस्तऐवज जपणाऱ्या त्या आर्काइव्हमध्ये माणसं शिंकली तरी सॉरी म्हणतात. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. तिनं जीभ चावली, टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. तोच आवाज. थोडा घोगरा, कसलीच घाई नसलेला.

अख्खा हिवाळा ती या आवाजाच्या मागावर होती.

आवाज ग्रासिएला ओरोस्कोचा होता. मिशिगनमध्ये चेरी आणि काकड्या तोडायला येणाऱ्या मेक्सिकन बायकांच्या आरोग्यासाठी या बाईनं जन्म वेचला. औषध फवारलेल्या शेतात गरोदर बाईला उभं करू नका, एवढं एक सांगण्यासाठी ती मळेवाल्यांशी भांडली, डॉक्टरांशी भांडली. मजुरांच्या कॅम्पांवर फिरून तिनं बायकांचं बोलणं कॅसेटवर घेतलं. तिच्या माघारी तिच्या लेकीनं, मारिसेलानं, सगळी खोकी विद्यापीठाला देऊन टाकली. पुण्यात स्पॅनिश शिकून इथं आर्काइव्हचा कोर्स करायला आलेल्या चैत्रालीकडे त्या कॅसेट ऐकायचं काम आलं.

खोकी देताना मारिसेला म्हणाली होती, "मला दुसरं काही नको. तिचं एक वाक्य सापडलं तर कळव. फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. तिचा आवाज मात्र मी विसरत चाललेय." पन्नाशीची बाई, पण हे सांगताना तिचे ओठ शाळेतल्या मुलीसारखे थरथरले. जाता जाता ती हसून म्हणाली, "सगळ्या जगासाठी वेळ होता गं तिच्याकडे." दिव्याखाली अंधार, चैत्रालीला वाटलं. तिला या बाईची फार दया आली.

एवढ्या कॅसेट आहेत, एक वाक्य सापडायला कितीसा वेळ लागणार? पण ग्रासिएलाची एक खोड होती. स्वतः प्रश्न विचारायची वेळ आली की ती रेकॉर्डर थांबवायची. खट्. मग बाईचं उत्तर. खट्. पुन्हा उत्तर. माझं बोलणं लोकांनी पुष्कळ ऐकलंय, यांचं ऐका, म्हणायची. सभेतसुद्धा स्वतः मागे बसायची आणि एखाद्या मजूर बाईला माइकपाशी ढकलायची. खोकी भरभरून बायकांचे आवाज होते, आणि ज्या बाईनं ते गोळा केले ती सगळीकडे नुसती खट्. कधीकधी चैत्राली त्या खटक्यावर अक्षरशः चिडायची.

आजच्या कॅसेटमध्ये मात्र ती बटण दाबायला विसरली होती. दुसऱ्यांदा मूल पोटातच गेल्याचं एक बाई सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. तेवढ्यात दार करकरलं आणि एक लहान मुलगी रडत आत आली. मग माइकच्या अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "ये बाळा, इकडे ये. माझ्या मांडीवर बस. रडू नकोस, मी आहे ना."

खट्.

बाहेर येऊन चैत्रालीनं आधी रूममेटला, अस्मिताला, फोन लावला. "अगं, नुसता आवाज नाही, आई-लेकीचा मोमेंट सापडलाय! ती रडणारी मुलगी म्हणजे मारिसेलाच!"

"यार, मग मला काय सांगतेस? तिला कॉल कर ना," अस्मिता म्हणाली. "आणि टिश्यू घेऊन बस. तुलाच लागतील."

चैत्रालीनं तेवढा तुकडा वेगळा काढला आणि हौसेनं फाइलला नाव दिलं, 'मारिसेला आणि आई'.

शनिवारी मारिसेला बर्फातून गाडी चालवत ग्रँड रॅपिड्सहून आली. कोटही न काढता खुर्चीवर बसली. पहिल्याच शब्दाला तिचा हात तोंडावर गेला. "हीच," ती म्हणाली. "हीच माझी आई." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चैत्रालीही रडत होती आणि हसतही होती.

"आणि तिच्या मांडीवर तुम्ही," ती म्हणाली.

मारिसेलानं डोळे पुसले. "ही टेप कुठली आहे?"

"चेरीच्या मळ्यावरची. मजुरांच्या कॅम्पवरची."

मारिसेलानं पडद्यावरचं फाइलचं नाव वाचलं.

"मग ती मी नाही," ती म्हणाली. "मला तिनं कॅम्पवर एकदाही नेलं नाही. मी दारात आडवी पडून रडायचे, तरी नाही. तिथली हवा विषारी आहे, तुझी छाती बिघडेल, म्हणायची. सगळा उन्हाळा मला मावशीकडे ठेवायची. ही कॅम्पवरच्याच कुणाची तरी मुलगी असेल. तिला बिचारीला कोण ठेवून घेणार होतं?"

चैत्रालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाइलचं नाव पडद्यावर तसंच दिसत होतं. सॉरी, सॉरी म्हणत तिनं ते पुसायला हात पुढे केला. मारिसेलानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे ते नाव," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले. "परत लाव. या वेळी ती मीच आहे असं धरून ऐकते."