विनंतीवरून बदली

“वर्षाचे दोन तुकडे पाडायचे,” म्हणत करसल्लागार बाईंनी कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढली. “जूनपर्यंतचा व्यवसाय कर त्या राज्याला, पुढचा या राज्याला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. कर मात्र दोन्हीकडे वाढून ठेवलेला असतो!”

तो हसला. इकडे आल्यापासून आठ महिन्यांत त्याची कुणी थट्टा केली नव्हती.

“सामान हलवल्याचा खर्च वजा होईल. पण कंपनीनं पाठवलं असेल तरच. आपण होऊन आला असाल तर नाही. बदलीचं पत्र आणलंत?”

“कंपनीनंच पाठवलं,” तो म्हणाला. “पत्र तिकडे घरी राहिलंय.”

“मग वहिनींना सांगा की फोटो पाठवायला. आत्ताच होऊन जाईल.”

घरातला अबोला सोसेना म्हणून त्यानं साहेबांच्या मिनतवाऱ्या करून बदली मागून घेतली होती, आणि घरी मात्र ‘हुकूम आला’ म्हणून सांगितलं होतं. हुकमानं गेलेला माणूस हुकमानं परतही येतो. आपल्या पायांनी गेलेल्याला दार कोण उघडणार? पत्रात नुसता हुकूमच असेल, अशी त्याची समजूत होती. त्यानं ते पुरतं वाचलंही नव्हतं. शिवाय तीन आठवडे बायकोला फोन करायला निमित्त सापडत नव्हतं, ते आज आयतं चालून आलं होतं.

तो बाहेर जिन्यापाशी आला.

“मी बोलतोय. कपाटात खालच्या खणात एक लांबट पाकीट आहे बघ—”

“माहितीय,” ती म्हणाली. खण ओढल्याचा आवाज आला नाही, कागद सळसळला नाही. कविता पाठ म्हणावी तशी ती सरळ म्हणाली, “‘आपल्या विनंतीवरून आपली बदली करण्यात येत आहे.’ हेच ना?”

जिन्यातून कुणीतरी खाली उतरत होतं. त्यानं अंग चोरून वाट दिली.

“कधी वाचलंस?”

“तू सामान बांधत होतास तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस? एका शब्दानं अडवलं असतंस, तर राहिलो असतो गं मी.”

“विनंती माझ्याकडे थोडीच केली होतीस!”

मग तिनं फोन ओट्यावर ठेवला, पण बंद करायचा राहिला.

नळ सुटला. भांड्याला भांडं लागलं. खुर्ची फरशीवरून खरडत सरकली आणि लेकीचा आवाज आला. आठ महिन्यांत तो आवाज किती बदलला होता! फोन कानाशी घट्ट दाबून तो ऐकत राहिला.

“आई, कुणाचा गं फोन?”

“कुणाचा नाही. ऑफिसातलं काम होतं.”