रत्नम्माचा शब्द

लातूरच्या स्टँडवर उतरताच पाळक शरणप्पानं उदगीरच्या परतीच्या गाडीची वेळ दोनदा विचारली. एकदा कंट्रोलरला, एकदा रसवाल्याला. दोघांनीही चारचीच सांगितली.

काम तसं सोपं होतं. नवा जिल्हा झाल्यापासून उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीतला बसवराज इथल्या कलेक्टर कचेरीत शिपाई होता. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "रत्नम्माचा व्यंकटी दिसला मला. सरकारी क्वार्टरं बांधायलेत ना, तिथं वॉचमन हाय. पर धा वर्सं झाली, छातीवर हात ठेवून न्हाई सांगत."

व्यंकटी बहात्तरच्या दुष्काळात गेला. खडीच्या कामावर मुकादमाशी भांडला, हजेरीतून नाव कटलं, आणि पोट भरायला तेलंगणाकडे निघून गेला. शरणप्पा उदगीरला आला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात, आजारी बायकोला घेऊन. तिचं सगळं रत्नम्मानं केलं, शेवटची आंघोळसुद्धा.

रत्नम्मा मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. दहा वर्षांत तिच्या हाती नवऱ्याचा एक कागद पडला नव्हता. गळ्यातली पोत मात्र तिनं काढली नव्हती.

शरणप्पानं तिला लग्नाचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं खाली बघून एकच सांगितलं.

"देवाला साक्षी ठेवून शब्द दिलाय, पाळकसाहेब. लग्न म्हंजे करार, असं तुमीच सांगता. त्यातला यक जण निघून गेला म्हणून देव थोडाच उठून जातो?"

सोमवारी मात्र ती स्वतः आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तुमी जाऊन बगा. तोच आसंल तर मला सांगा. नसंल तर…" ती जरा थांबली. "नसंल तर मी तुमच्या घरी येते. तुमी सांगाल ते खरं."

क्वार्टरं स्टँडपासून लांब नव्हती. तरी शरणप्पा दोन वेळा भलत्याच रस्त्याला लागला. एका दुकानाच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून पेंटर 'लातूर' रंगवत होता. तीन अक्षरं पुरी होईस्तोवर शरणप्पा ते बघत उभा राहिला. चौकात टँकरभोवती बायकांची भांडणं चालली होती. तिथंही थांबला. शेवटी थांबायला काही उरलं नाही, तेव्हा आत गेला.

एक माणूस नव्या भिंतींवर पाईपनं पाणी मारत होता. शरणप्पानं आधी त्याचा डावा हात बघितला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. खडी फोडताना गेलं, असं रत्नम्मानं सांगितलं होतं.

"नाव काय तुझं?"

"व्यंकटी. आपण?"

"उदगीरहून आलो. मंडळीतला आहे."

व्यंकटीचा चेहरा उतरला. "उदगीरला आता माजं कुनी न्हाई, साहेब." मग त्यानं पत्र्याच्या खोलीकडे बघून हाक मारली, "सिंधू, पानी आन गं."

कडेवर लेकरू घेतलेली एक बाई तांब्या घेऊन आली. खोलीच्या दारावर खडूनं क्रूस काढलेला होता.

"माजी घरवाली," व्यंकटी म्हणाला.

शरणप्पानं तांब्या तोंडाला लावला. सगळं आपोआप सोपं झालं होतं. त्यानं दुसरा संसार थाटलाय, एवढं रत्नम्माला सांगितलं की झालं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शब्द व्यंकटीनं मोडला, मग ती मोकळी.

"येतो मी," तो म्हणाला.

फाटकापर्यंत गेला. चारची गाडी आरामात मिळणार होती. फाटकाचा गज धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग वळला आणि भराभर चालत परत आला. रस्त्यात पाय मोडला तरी चालेल, पण हे आत्ताच बोललं पाहिजे, अशा घाईनं.

"व्यंकटी, रत्नम्मा अजून तुझी वाट बघते."

पाईप व्यंकटीच्या हातातून सुटला. पाणी तसंच मातीत वाहत राहिलं.

"असली थट्टा करू नका, साहेब. पटकीनं गेली ती."

शरणप्पा वाकून पाईप उचलू लागला.

"वरीस सरल्यावर मी तिकडं तेलंगणात बोधनहून कागद धाडला हुता. तिला न्यायला येतो म्हणून. तिला वाचाया येत न्हाई, म्हणून पाळकाच्या नावानं धाडला. त्याचं उत्तर आलं. चार म्हैने भाकर गोड लागली न्हाई मला." व्यंकटीचा आवाज चढला. "उगंच न्हाई केलं मी दुसरं! ते उत्तर दावलं, तवा कुठं तिथल्या मंडळीनं हिच्याशी लगीन लावलं. तुमी मला करार शिकवायला आलात?"

सिंधू केव्हाच आत गेली होती. ती पवित्र शास्त्र घेऊन बाहेर आली. त्यातून तिनं घडीवर विरलेला एक कागद काढला, उलगडला आणि शरणप्पासमोर धरला.

"तुमाला वाचाया येतं नव्हं?" ती म्हणाली. "वाचा."

शरणप्पानं तो वाचला नाही. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.