फुकट घालवायचं मत

कप्तानानं मतपत्रिका टेबलावर सपाट केली आणि पेनाचं टोपण दातात धरलं.

"द्या की त्या दहा नंबरवाल्याला," बायको म्हणाली. "तुमच्यानंतर खेळला तर तोच."

"म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

राष्ट्रीय लीगचा सर्वोत्तम खेळाडू चौदा संघांचे चौदा कप्तान ठरवायचे. प्रत्येकाला एकच मत, तेही आपल्याच संघातल्या कोणाला द्यायचं नाही. मनातून आशा प्रत्येक कप्तानाला आपलीच असायची, पण यंदा चर्चा दोघांचीच होती, कप्तानाची आणि दहा नंबरवाल्याची. कप्तानाचं वय पस्तीस, उजव्या गुडघ्यावर दोन ऑपरेशनं. क्लबच्या मालकानं तोंडावरच सांगितलं होतं, पुरस्कार आणलास तर आणखी एक हंगाम, नाहीतर नमस्कार. फुटबॉल सोडून त्याला दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. घरातला बल्बसुद्धा बायकोच बदलायची.

"मग कोणाला देताय?"

"भोपळ्याला."

बायकोला हसू फुटलं, मग तिचं तिलाच वाईट वाटलं. भोपळा म्हणजे तळाच्या संघाचा फॉरवर्ड. सव्वीसच्या सव्वीस सामने खेळला आणि गोल एक नाही. मिळालेली पेनल्टीही त्यानं बारवरून घालवली होती. तो मैदानात उतरला की लोक आधीच हसायला लागायचे.

"मत फुकट गेलं पाहिजे," कप्तान म्हणाला. "त्याच्याइतका बिनधोक माणूस अख्ख्या लीगमध्ये नाही."

"असू दे. बिचाऱ्याला निदान एक मत तरी पडेल."

पाकीट चिकटवून त्यानं मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ दुसऱ्या संघाचा कप्तान होता. यंदा तोही बरा खेळला होता.

"काय रे, कोणाला दिलंस?"

"भावोजी, असं विचारतात का? गुप्त असतं ते."

"मलासुद्धा नाही सांगणार?"

"दहा नंबरवाल्याला नाही दिलं. ताईची शपथ." एवढं बोलून मेहुणा आईच्या संधिवातावर घसरला.

कप्तानानं फोन ठेवला. "चला, एक मत तरी पक्कं," तो म्हणाला.

समारंभाला त्यानं लग्नातला सूट घातला. पोटाशी बटण लागेना. मालक दोन रांगा पुढे बसला होता. दहा नंबरवाला मुद्दाम येऊन हात मिळवून गेला.

"तुम्हालाच मिळणार, कप्तान."

"छे रे, वर्ष तुझं आहे."

बाकीचे कप्तानही एकेक करून भेटले. सगळे जरा जास्तच गोड बोलत होते.

लीगच्या अध्यक्षांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्यांनी तो सचिवांना दाखवला. सचिवांनी मान डोलावली.

नाव ऐकून सभागृहात हशा उसळला आणि लगेच विरला. शेवटच्या रांगेतून भोपळा उठला. आपल्याच नावाचा दुसरा कोणी आहे का म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत होती. स्टेजवर पोचेपर्यंत तो हमसून रडायला लागला होता.

मालक उठला आणि कप्तानाकडे न बघता बाहेर निघून गेला. कप्तानानं मेहुण्याला शोधलं. मेहुणा मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता.

"चौदापैकी तेरा मतं," अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आणि चौदावं द्यायला त्याच्याच कप्तानाला मनाई होती."