ओल्या गॉजमधला तुकडा

द्रव नायट्रोजनच्या थर्मासमधून निघणारा पांढरा धूर. गोठलेला काप चिकटावा म्हणून काचपट्टीला मागून ऊब देणारा अंगठा. औषध गाठीत कुठवर पोचलं हे ठिपक्याठिपक्यांनी दाखवणारं यंत्र. आणि ओल्या गॉजमध्ये, म्हणजे जखमेवरच्या जाळीदार कापडात, गुंडाळलेला, वॉर्डातल्या एका काकांच्या पोटातल्या गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा.

तो गॉज पाहून प्रयोगशाळेतल्या बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी तडक सर्जनना फोन लावला.

"डॉक्टर, तुकडा कोरडाच द्या, निघाल्या निघाल्या थर्मासमध्ये टाका, हे मी तुमच्या दारात उभं राहून सांगितलं होतं."

"अहो मॅडम, सुकला असता. आमच्याकडे सगळे तुकडे सलाइनमध्ये भिजवूनच जातात. जन्म गेला माझा यात."

"सुकला नाही, धुतला गेला. आता औषध गाठीपर्यंत पोचलंच नव्हतं की तुमच्या गॉजमध्ये उतरलं, हे यंत्राने कसं सांगायचं? काकांचं पुढचं औषध त्यावर ठरणार होतं."

"एवढं काय अंगावर येताय? काका वॉर्डातच आहेत. उद्या दुसरा काढून देतो, कोरडा ठणठणीत."

जणू काका म्हणजे फळीवरचा डबा. झाकण उघडायचं नि हवं तेवढं काढून घ्यायचं. बाईंनी फोन आपटला. काकांना सांगायला त्या वॉर्डाकडे निघाल्या.

सकाळी तुकडा काढायच्या संमतीपत्रावर सही करताना काकांनी विचारलं होतं, "यानंतर पुन्हा पोटाला हात नाही ना लावणार?" आणि "नाही" असं बाईंनीच सांगितलं होतं.