अंतराय

महाराज दारात थांबले आणि जिन्यात ताटकळलेल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मनाशी एक खूण धरून ते आहाराला निघत. ती ज्या दारात दिसेल तिथेच जेवत. दोन दिवस बिबवेवाडीत कुणाच्याच दारात ती दिसली नव्हती. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच खातात आणि पाणीही तेव्हाच पितात. म्हणजे ऐन मे महिन्यात या म्हाताऱ्या माणसाच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते, आजही पाणी गेलं नाही तर आशा सोडा.

"वहिनी, भाग्य उघडलं तुमचं," मंदिराचे बाबुराव उपाध्ये म्हणाले. "आता जरा बघून वाढा. मागच्या आठवड्यात एका घरी मुंगी निघाली. महाराज उपाशी गेले आणि बाई फोटो काढत बसल्या."

सरोजिनीबाईंनी गडू उचलला. वीस वर्षांपूर्वी हेच महाराज त्यांचे पती होते आणि याच घरातून दीक्षेला निघून गेले होते. लोकांनी मिरवणूक काढली, सरोजिनीबाईंना हार घालून त्यागमूर्ती म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवण्या घेऊन पोट भरायला मात्र त्या एकट्याच होत्या. त्या माहेरच्या श्वेतांबर. माहेरी त्यांनी तीर्थंकर मल्लीकुमारीची पूजा केली होती. लग्नानंतर दिगंबर सासूबाईंनी सांगितलं, मल्लीनाथ म्हण, तो पुरुष होता. सासरी बाईचं नाव बदलतं हे त्यांना ठाऊक होतं. देवाचाही पुरुष होतो, हे तेव्हा कळलं.

आज त्या पहाटेच न्हाल्या होत्या. केस फडक्यात घट्ट बांधले होते. पाणी दोनदा गाळून उकळलं होतं. "मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, अन्नपाणी शुद्ध," त्यांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं. आवाज जराही हलला नाही.

महाराजांनी उभ्यानेच ओंजळ पुढे केली. ओठांना भेगा पडल्या होत्या. सरोजिनीबाईंनी गडू कलता केला, ओंजळ भरली, आणि पाण्यात एक लांब पांढरा केस तरंगला.

तो त्या दोघांनाच दिसला. केस निघाला की अंतराय. आहार तिथेच संपतो, पुढचा घोट उद्या. पण महाराजांनी ओंजळ सोडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचा अंगठा हळूच केसावर सरकला आणि ओंजळ ओठांकडे निघाली. सरोजिनीबाईंना फार बरं वाटलं.

"महाराज, केस!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

ओंजळ सुटली. पाणी फरशीवर सांडलं. बाबुरावांनी कपाळावर हात मारून घेतला. महाराज भिंतीचा आधार घेत खाली बसले. फरशी पुसायला सरोजिनीबाई त्यांच्या पायाशी वाकल्या, तेव्हा ते पुटपुटले, "मुद्दाम टाकलास. मोक्षाला मुकलीस तू."

सरोजिनीबाईंनी फडकं पिळलं आणि त्यांनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "मी दीक्षा मागितली, तेव्हा बाईच्या जन्माला मोक्ष नाही म्हणालात. नाहीच, तर मुकू कशी?"