शून्यावर

वहिनीच्या तोंडून 'मुंग्या' हा शब्द निघाला आणि नणंदेच्या डोक्यात तिडीक गेली.

"कधीपासून येतात?"

"तीन महिने झाले. पण रोज नाही हो ताई. दोन दिवस येतात, चार दिवस गायब. डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिन कमी आहे. गोळ्या चालू आहेत." वहिनी उजवा हात चोळत होती. तिच्यापुढे थर्माकोलची अर्धवट कापलेली अक्षरं पडली होती. दुकानांच्या पाट्यांसाठी ती दिवसभर गरम तारेनं अक्षरं कापायची.

"हिच्या मुंग्यांना कामाचा वास येतो," दादा खुर्चीतून म्हणाला. "ऑर्डर मोठी असली की हटकून हजर!"

नणंद ट्रान्सफॉर्मर गुंडाळायची, तोच तिचा धंदा. तार तापवायचा जुना ट्रान्सफॉर्मर जळला, तेव्हा तिनं बजावलं होतं, "मी नवा गुंडाळून देते, तोवर थांब." तिला उशीर झाला, हे खरं. पण दादाला कुठला धीर? त्यानं स्वतःच एक डबा बनवला. हलका, सुटसुटीत, बटण फिरवू तशी तार तापणारा. आज ती नऊ किलोचं धूड उचलून तीन जिने चढून आली होती आणि हा गडी म्हणत होता, "कशाला आणलंस? माझा झकास चाललाय."

तिनं बोर्डातून डब्याची दोन पायांची पिन उपसली, डबा उघडला आणि आत बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, हे एकच वाइंडिंग आहे! भिंतीतला करंट आणि वहिनीच्या हातातली तार, दोन्ही तांब्याच्या एकाच वेटोळ्यावर?"

"मीटर लाव. बारा व्होल्टच्या वर गेलं तर नाव बदलीन."

"बारा तारेच्या दोन टोकांत. आणि तारेपासून जमिनीपर्यंत किती? ही ओल्या फरशीवर उभी राहते. पायात रबरी चपला आहेत म्हणून वाचली!"

"तीन महिने वापरतेय. झालं का काही?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिनं डबा बंद केला, पिन परत बोर्डात खोचली, बटण पार शून्यावर नेलं.

"चपला काढ आणि तार धर."

"शून्यावर? अगं, शून्यावर काय असणार? धरतो की!" त्यानं ऐटीत चपला भिरकावल्या. मग बोर्डाकडे वाकला, पिन काढली, उलटी केली, पुन्हा घातली. पिनवर एका बाजूला लाल ठिपका होता. तो वर आला, तेव्हाच त्यानं तारेला हात घातला. "बघ. आहे का काही?"

"शून्यावर काहीच नसतं ना? मग पिन का उलटी केलीस?"

दादानं तार सोडली.

"तो ठिपका तुम्ही काढलात?" वहिनीनं विचारलं. "मला वाटलं, पिन विकत आणली तेव्हाच होता."

"अगं, एका बाजूनं लावली तर शून्यावरही जरा चावतो. दुसऱ्या बाजूनं काही नाही. एवढंच."

"मी कशीही लावत होते. कधी अशी, कधी तशी." वहिनीचा आवाज फाटला. "बोलला का नाहीत? गोळ्या गिळताना रोज बघत होतात ना मला?"

"सांगितलं असतं तर तू डब्याला हात लावला असतास का? काम अडलं असतं सगळं."

नणंदेनं डबा फोडायला हात उचलला, पण वहिनीनं तो मधेच धरला. ती स्वतः बोर्डाशी गेली, पिन काढली, ठिपका खाली करून घट्ट दाबून बसवली. दादाच्या चपला पायानं पलंगाखाली सारल्या आणि तार त्याच्यापुढे केली.

"धरा," ती म्हणाली. "शून्यावरच आहे."