एकूण प्रकरणं

अमेरिकेत डुलुथच्या हॉस्पिटलात माझ्या थोरल्या बहिणीने, लॉर्नाने, बजावलं, "ऑपरेशनआधी शेवट वाचायचाय मला." लाडक्या मालिकेतल्या पात्रांवर मी कथा लिहून चाहत्यांच्या साइटवर टाकते, पहिली प्रतिक्रिया कायम तिचीच. आज साइटवाल्यांनी बारावं, म्हणजे शेवटचं, प्रकरण दोनदा परत पाठवलं: परिच्छेद एकमेकांना चिकटलेत. तिच्या खाटेशेजारी लॅपटॉपवर मी एकेक ओळ सोडवत होते. "तोंडीच सांगू का?" मी विचारलं. "मुळीच नाही. सगळ्यांसारखं साइटवरच वाचणार." मग हळूच म्हणाली, "एकदा शेवट कळला की मी मोकळी." माझे हात थांबले. मी शेवटची दोन पानं कापली, 'एकूण प्रकरणं' या चौकटीतला बारा पुसून प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणजे कथा अजून बाकी, आणि प्रकरण धाडलं. या वेळी स्वीकारलं गेलं. स्ट्रेचर आलं तेव्हा ती फोनवर वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आली होती. तिने फोन माझ्या अंगावर फेकला. "नालायक, बाहेर आल्यावर बघते तुला."